महामार्ग ४४ आणि पेंचचं रान: रस्ता जंगलातून जातो तेव्हा नेमकं काय काय होतं?

देवलापारकर

दुसऱ्या एका धाग्यावर "अंडरपास बांधले, आता वाघांचा प्रश्न मिटला" असं एकजण म्हणाले आणि लगेच "अंडरपास म्हणजे धूळफेक" असं उत्तर आलं. दोन्ही मतं मला अर्धी वाटली. मी मनसर–खवासा पट्ट्यातला, महामार्ग ४४ च्या काठावर राहणारा माणूस. जुना सात नंबर हायवे म्हटलं की जुन्या मंडळींना लवकर कळेल. हा रस्ता पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या रानातून जातो आणि त्याच्या चौपदरीकरणात जंगली प्राण्यांसाठी मुद्दाम मोठाले पूल बांधले गेले. त्यामुळे सगळं याच रस्त्याच्या आधाराने मांडतो. बाकीच्यांनी आपापल्या भागातलं जोडावं.

सुरुवात जमिनीच्या हिशोबापासून. चौपदरी रस्त्याची हद्द ६० मीटर धरली तर एका किलोमीटरला ६ हेक्टर जमीन जाते. शेकडो चौरस किलोमीटरच्या जंगलात हा आकडा किरकोळ दिसतो आणि प्रकल्पाच्या अहवालात तोच ठळक छापतात. खरं नुकसान उरलेल्या जंगलाचं होतं. एकसंध अधिवासाचे तुकडे पडतात. प्रत्येक तुकड्यात प्राणी थोडे राहतात. एखादा रोग, एखादा वणवा, पाणी आटलेलं एखादं वर्ष तिथली संख्या संपवू शकतं. बाहेरून नवं रक्त आलं नाही तर नात्यातल्या नात्यात वीण होत राहते. हे लगेच दिसत नाही. रस्ता झाल्यावर पाच वर्षांनी जाऊन पाहिलं तरी प्राणी दिसतात आणि "काही बिघडलं नाही" असं वाटतं. परिणाम पिढ्या उलटल्यावर समोर येतो.

पेंच, कान्हा, नवेगाव-नागझिरा, ताडोबा, बोर, टिपेश्वर ही नकाशावर सुटी नावं आहेत, पण यातली एकेक जागा वाघाला कायमची पुरत नाही. वयात आलेला नर आईचा इलाखा सोडून बाहेर पडतोच. तो दुसऱ्या जंगलात पोचला, तिथे त्याची पिल्लं झाली, तरच हे सगळे ठिपके मिळून एक जिवंत जाळं राहतं. टिपेश्वरचा टी१-सी१ वाघ आठवत असेल. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याला रेडिओ कॉलर लावली आणि वर्ष संपेपर्यंत तो तेलंगण, मराठवाडा फिरून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. एकूण चाल ३,००० किमीच्या वर भरली. ज्याला आपण भ्रमणमार्ग किंवा कॉरिडॉर म्हणतो तो म्हणजे नकाशावरचा सलग हिरवा पट्टा नव्हे, हे त्याने दाखवलं. त्यात नाले आले, पऱ्हाटीची आणि तुरीची शेतं आली, गावकुसाची झुडपं आली, आणि कितीतरी रस्तेही आले.

आता रस्ता अडवतो कसा? गाडीखाली सापडून मरणं हा एकच प्रकार नाही. मेलेली जनावरं मोजायला सोपी, म्हणून तेवढीच मोजली जातात. वाहनं कमी असतात तेव्हा प्राणी रस्ता ओलांडतात, त्यातले थोडे मरतात. वाहनं वाढली की मरणारे वाढतात. त्याहून वाढली की प्राणी रस्त्याकडे फिरकतच नाहीत आणि मृतांचा आकडा खाली येतो. तो पाहून कोणी "अपघात कमी झाले" म्हणून आनंद मानला तर तो उलटा अर्थ काढतोय. स्वीडनमधल्या अभ्यासात मांडलेला ढोबळ ठोकताळा असा की दिवसाला १०,००० वाहनांच्या पुढे रस्ता बहुतेक सस्तन प्राण्यांना जवळपास भिंतच होतो. ओलांडून जाणं किती शक्य आहे, ही पारगम्यता पाहायची. फक्त प्रेतं मोजून भागत नाही.

तिसरी गोष्ट, रस्त्याचा परिणाम डांबराच्या कडेला थांबत नाही. आवाज, दिवे, धूळ, कडेने शिरणारी घाणेरी (टणटणी), फेकलेल्या विडीने लागणारी आग, जळणासाठी आत जायला झालेली वाट, हे सगळं आतपर्यंत पोचतं. या प्रभावपट्ट्यावर जगभरातले अभ्यास एकत्र करून २०१० मध्ये एक पाहणी प्रसिद्ध झाली. पक्ष्यांची संख्या रस्त्यासारख्या बांधकामापासून सुमारे १ किमीपर्यंत घटलेली आढळते, सस्तन प्राण्यांची सुमारे ५ किमीपर्यंत. त्या ६ हेक्टरच्या शेजारी हा आकडा ठेवून बघा.

आणि आमचा रस्ता. महाराष्ट्रातल्या पट्ट्यात एकूण ९ बांधकामं आहेत, ५ अंडरपास आणि ४ छोटे पूल. प्राण्यांना खालून जायला मिळणारी रुंदी ५० मीटरपासून ७५० मीटरपर्यंत. हे सहज मिळालं नाही. सुरुवातीच्या आराखड्यात इतक्या मोठ्या पुलांची तयारी नव्हती. प्रकरण कोर्टात गेलं, भारतीय वन्यजीव संस्थेने मापं सुचवली, वर्षानुवर्षं ओढाताण झाली. मग बांधल्यावर संस्थेने कॅमेरे लावले. मार्च ते डिसेंबर २०१९ या काळात १८ प्रजातींचे वन्यप्राणी खालून गेले. ११ वेगवेगळे वाघ ८९ वेळा टिपले गेले. चितळ आणि रानडुक्कर तर सर्रास.

म्हणून "धूळफेक" म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण "प्रश्न मिटला" म्हणणाऱ्यांना विचारतो, पलीकडे गेलेल्या प्राण्याला पुढे काय मिळालं? तिकडे जंगल शिल्लक आहे का? रस्त्याच्या खाली जागा दिली आणि पलीकडे लेआउट पाडले, तर तो पूल प्राण्याला कुठेच नेत नाही.

आरती_गो

देवलापारकर, सुंदर लिहिलंत. एक विचारते. बोरचा बाजीराव वाघ डिसेंबर २०१७ मध्ये नागपूर–अमरावती रस्त्यावर बाजारगावजवळ गाडीच्या धडकेत गेला. तो रस्ताही आधीपासून चौपदरी होता. मग तिथे असे पूल का नाहीत?

देवलापारकर

ताई, त्या वेळी प्राण्यांचा विचार अभयारण्याच्या हद्दीपुरताच व्हायचा. बाजारगाव हद्दीबाहेर. वाघाला हद्द कोण सांगणार? कायद्यात मात्र सोय आहे. २००६ च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण कायद्यात ३८-ओ कलम आलं. दोन संरक्षित क्षेत्रांना जोडणारी जमीन दुसऱ्या कामाला वळवायची तर राष्ट्रीय व्याघ्र प्राधिकरणाचा सल्ला आणि राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची मान्यता लागते. पण कॉरिडॉरची रेघ नेमकी कुठून जाते यावरच प्रत्येक वेळी भांडण होतं.

पूलवाला

मी पुलांच्या डिझाइनमध्ये काम करतो, वन्यजीवांतला नाही. आमच्या बाजूचं सांगतो.

जंगलातल्या रस्त्यावर मोऱ्या आणि नाल्यांवरचे पूल असतातच. अहवालात बऱ्याचदा त्यांनाच "प्राण्यांसाठी मार्ग" असं नाव मिळतं. हे तपासायला एक सोपं गणित आहे: मोकळेपणा. पुलाची रुंदी गुणिले उंची, भागिले प्राण्याला खालून जितकं चालावं लागेल ते अंतर. ३ मीटर बाय ३ मीटरची पेटी-मोरी ४५ मीटर लांब असेल तर उत्तर येतं ०.२. ५० मीटर रुंद, ५ मीटर उंच पुलाखाली २५ मीटर चालायचं असेल तर १०. पन्नास पटींचा फरक. मुंगूस, उदमांजर पहिल्यातूनही जाईल. चितळाच्या कळपाला मात्र पलीकडचं उजेडाचं रान दिसलं पाहिजे, नाहीतर तो तोंडाशी येऊन परत फिरतो.

अजून तीन गोष्टी डिझाइनमध्ये फुकटात किंवा थोड्या पैशात होतात. दोन्ही दिशांचे पूल वेगळे ठेवले तर मधल्या फटीतून ऊन आणि पाऊस खाली येतो, माती जिवंत राहते. खाली काँक्रीट न टाकता मूळ जमीन ठेवायची. नाल्याच्या पुलाला एक जास्तीचा गाळा (दोन खांबांमधली मोकळी जागा) दिला तर पावसाळ्यातही काठाने कोरडी वाट राहते. ही तिसरी गोष्ट मी प्रत्येक वेळी मागतो, कारण पूर आला की पाण्याचा पूल फक्त पाण्याचा राहतो.

खर्चाबद्दल: लांब पूल महाग असतो हे खरं. पण भरावाचा रस्ता आधी बांधून नंतर तो फोडून पूल करायचा म्हटलं तर त्याहून कितीतरी महाग. म्हणून हे आराखड्याच्या वेळीच मांडायला हवं.

शशांक_कॅलगरी

आमच्या इथे बॅन्फ राष्ट्रीय उद्यानातून ट्रान्स-कॅनडा महामार्ग जातो. ६ ओव्हरपास, ३८ अंडरपास आणि दोन्ही बाजूंनी उंच कुंपण. प्राण्यांच्या धडका ८० टक्क्यांहून जास्त घटल्या, एल्क (तिकडचं मोठं हरीण) आणि हरणांच्या बाबतीत ९६ टक्के.

दोन गोष्टी इथून घेण्यासारख्या. १९९६ पासून सलग बरीच वर्षं नोंदी ठेवल्या, त्यामुळे कळलं की ग्रिझली अस्वलांना हे मार्ग अंगवळणी पडायला काही वर्षं लागली. पहिल्या दोन वर्षांत मोजून थांबले असते तर "उपयोग नाही" असा निष्कर्ष निघाला असता. आणि सगळ्यांना एकच रचना आवडत नाही. ग्रिझली, एल्क यांना उघडे, रुंद मार्ग लागतात. काळं अस्वल आणि प्यूमा अरुंद, आडोशाच्या बोगद्यातून जातात. एकाच मापाचे दहा पूल बांधण्यापेक्षा वेगवेगळ्या मापांचे पाच बरे.

कुंपणाबद्दल मात्र सावध. मार्ग पुरेसे असतील तरच कुंपण प्राण्यांना त्यांच्याकडे वळवतं. मार्ग दूर दूर असतील तर ते नुसती भिंत उभी करतं.

वैनगंगा

सगळं पटतं, पण रस्त्याकाठच्या माणसांचं कोण बोलणार? आमच्याकडे बाळंतीण अडली तर नागपूरशिवाय इलाज नाही. रात्री रस्ता बंद करा अशी मागणी शहरातून येते तेव्हा राग येतो. जंगल आम्हीच राखलं, आणि वळसा घालायचा तोही आम्हीच?

देवलापारकर

भाऊ, हा राग योग्य आहे आणि मी तुमच्याच बाजूचा. म्हणूनच मला रात्रबंदीपेक्षा पूल बरा वाटतो. ज्या गावाला दुसरा रस्ता नाही तिथे बंदी लादणं अन्याय आहे.

बंदी कुठे चालली ते पण सांगतो. बंदीपूरमधून म्हैसूरकडून केरळात जाणारा महामार्ग ७६६, जुना २१२, तिथे २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ वाहतूक बंद आहे. रुग्णवाहिका आणि मोजक्या बस सोडतात. लांबचा असला तरी पर्यायी रस्ता होता. तरीही केरळातल्या वायनाडचे लोक आजही त्या बंदीविरुद्ध बोलतात आणि त्यांच्या अडचणी खोट्या नाहीत.

रूळमित्र

रस्त्यावरच सगळी चर्चा चालली आहे. रेल्वेकडे बघा.

१५ नोव्हेंबर २०१८. चंद्रपूर जिल्ह्यात जुनोन्याच्या जंगलात गोंदिया मार्गावर वाघाचे तीन बछडे एकाच गाडीखाली गेले. मी या भागात रुळांवर काम केलं आहे. तो दिवस आठवला की अजून घास उतरत नाही.

ही लाइन पूर्वी नॅरोगेज होती. गाड्या हळू, थोड्या. ब्रॉडगेज झाली, वेग वाढला. लोको पायलटला दोष देणाऱ्यांना सांगतो, भरलेली मालगाडी वेगात असेल तर थांबायला किलोमीटरभर अंतर लागू शकतं. वळणावर जनावर दिसतं तेव्हा वेळ गेलेली असते. कॉशन ऑर्डर (चालकाला हळू जाण्याचा लेखी आदेश) देऊन वेग कमी करता येतो, पण तो ठरावीक पट्ट्यात, ठरावीक वेळेला, आणि काटेकोर पाळला तरच.

धोका कुठे जास्त हे रुळावर चालणाऱ्याला कळतं. जिथे डोंगर कापून लाइन नेली आहे तिथे दोन्ही बाजूंना उभी दरड. जनावर एकदा आत शिरलं की गाडी आल्यावर बाजूला होता येत नाही, ते रुळावरूनच पुढे पळतं. उंच भरावावरही तसंच. तिथे दरडीला उतार द्या, मधे मधे बाहेर पडायला वाट ठेवा. वॅगनमधून सांडलेलं धान्य झाडून घ्या. डुकरं आणि हरणं त्यावरच येतात, आणि त्यांच्या मागे बिबट्या, वाघ.

एक गोष्ट लोकांना ठाऊक नसते. कोणत्या प्रकल्पांना आधी पर्यावरण मंजुरी लागते हे ठरवणाऱ्या २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत रेल्वे प्रकल्प धरलेलेच नाहीत. नवी लाइन असो वा जुन्या लाइनला दुसरा रूळ, त्या अधिसूचनेखाली जनसुनावणी होत नाही. जंगलाची जमीन किंवा अभयारण्य लागलं तरच वनकायद्यातून प्रश्न विचारता येतो.

कुळेंकार

रूळमित्र यांच्या शेवटच्या मुद्द्याला गोव्यातून पूर्ण दुजोरा. मोले, म्हणजे भगवान महावीर अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान. तिथून तीन रेषा एकाच वेळी येणार होत्या: कॅसलरॉक–कुळें रेल्वेचा दुसरा रूळ, अनमोडच्या रस्त्याचं चौपदरीकरण आणि उच्चदाबाची वीजवाहिनी. तिन्ही प्रकल्पांचे कागद वेगळे आणि प्रत्येकाचं नुकसान वेगवेगळं मोजलेलं. पण गव्याला तिन्ही एकाच रानात ओलांडायचे. एकत्रित परिणाम बघा, हीच आमची मागणी होती. गोव्यातले विद्यार्थी, वकील, चित्रकार, गावचे लोक या मागणीसाठी रस्त्यावर उतरले.

सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या केंद्रीय समितीने २०२१ मध्ये रेल्वेच्या दुसऱ्या रुळाविरुद्ध अहवाल दिला आणि मे २०२२ मध्ये न्यायालयाने त्या कामाला वन्यजीव मंडळाने दिलेली मान्यता रद्द केली. वीजवाहिनीसाठी नवं रान न कापता आधी मोकळ्या केलेल्या पट्ट्याचा वापर करा असं एप्रिल २०२२ मध्ये सांगितलं.

इथे सगळे पूल आणि अंडरपासबद्दल लिहिताहेत. मला क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी टाळा: आखणीच दुसरीकडून नेता येते का बघा. नाहीच जमलं तर त्रास कमी करा. सगळ्यात शेवटी भरपाई. आपल्याकडे सुरुवातच भरपाईपासून होते, इकडचं सदाहरित जंगल तोडून तिकडे कुठेतरी रोपं लावायची.

माळवाट

जंगलाच्या बाहेर या जरा. पुरंदर, बारामती, इंदापूर, सोलापूरकडची माळरानं. लांडगा, तरस, खोकड, चिंकारा. महसुलाच्या नोंदीत ही जमीन पडीक. त्यामुळे इथून रस्ता नेला तर अधिवास गेला असं लिहायलाही कोणी तयार नसतं, आणि लांडग्यासाठी पूल मागितला तर समोरचा माणूस हसतो. लांडग्याचा कळप एका रात्रीत कित्येक किलोमीटर जातो. पिल्लांच्या दिवसांत तर शिकार घेऊन रोज ये-जा. मधे दुभाजकाची सलग काँक्रीट भिंत आली की मोठा लांडगा उडी मारतो, लहान पिल्लू तिथेच अडकतं आणि मागून ट्रक येतो.

आमची मागणी साधी आहे. सलग भिंतीत ठरावीक अंतरावर फटी ठेवा, आणि माळावरच्या ओढ्यांचे पूल थोडे रुंद करा.

आरती_गो

बेडकांचं कोणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. आंबोलीत पहिल्या जोरदार पावसाच्या रात्री घाटरस्त्यावर गाडी घातली तर टायरखाली काय येतंय ते दिसतही नाही. आंबोली टोड ही प्रजाती २००९ मध्ये वेगळी म्हणून ओळखली गेली आणि ती आंबोली परिसराबाहेर माहीत नाही. एवढ्याशा जागेत राहणाऱ्या जिवासाठी पर्यटकांचा एक शनिवार फार मोठा असतो. बेडूक सावकाश ओलांडतो आणि दिवे पडले की जागीच थिजतो. सकाळी मोजायला जावं तर निम्मे कावळ्यांनी उचललेले, निम्मे डांबराला चिकटलेले. त्यामुळे आकडे कायम कमीच निघतात.

वाघाच्या मापाचा पूल त्यांना लागत नाही. छोट्या मोऱ्या, त्यांच्याकडे वळवणारी वीतभर उंचीची भिंत, खोल गटाराला तिरका उतार, आणि पावसाच्या पहिल्या दिवसांत रात्रीची वाहतूक थोडी आवरणं. कोणत्या पट्ट्यात हे हवं ते स्थानिक पोरं पायाखालच्या वाटेसारखं सांगू शकतात.

पूलवाला

आरतीताई, तिरक्या उताराचं गटार मी पुढच्या घाटाच्या कामात सुचवतो. उभ्या गटारापेक्षा खर्चात फरक फार नाही. अशाच उताराची गरज कालव्यांनाही आहे. सरळ काँक्रीटच्या कालव्यात पडलेलं हरीण बाहेरच येऊ शकत नाही.

वैनगंगा

बरं, आता कामाचं विचारतो. आमच्या तालुक्यातला रस्ता रुंद होणार असं ऐकतो आहे. मधे दोन ठिकाणी रान लागतं, बिबट्या आणि अस्वल दोन्ही आहेत. जनसुनावणी कधी असते, कुठे जायचं?

देवलापारकर

भाऊ, आधी रस्ता राष्ट्रीय महामार्ग आहे का आणि किती लांबीचं काम आहे ते काढा. रूळमित्रांनी सांगितलेल्या २००६ च्या अधिसूचनेतल्या २०१३ च्या दुरुस्तीनुसार राष्ट्रीय महामार्गाचं रुंदीकरण १०० किमीपर्यंत असेल किंवा जुन्या आखणीवर जास्तीची जमीन ४० मीटर रुंदीच्या आत, वळणरस्त्यावर ६० मीटरच्या आत असेल, तर पर्यावरण मंजुरी लागत नाही. म्हणजे सुनावणीही नाही. सुनावणी लागू असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळ किमान ३० दिवस आधी नोटीस काढतं आणि अहवालाचा सारांश मराठीत मिळतो. तो मागून घ्या, तुमचा हक्क आहे.

सुनावणी नसली तरी जंगलाची जमीन लागत असेल तर वनखात्याकडे प्रस्ताव जातो आणि परिवेश या सरकारी संकेतस्थळावर तो दिसतो. त्यात तीन गोष्टी बघा. प्राण्यांची पाहणी कोणत्या महिन्यात केली? फक्त उन्हाळ्यातली असेल तर पावसाळ्यातल्या वाटा सुटलेल्या असतात. प्राण्यांचे मार्ग म्हणून दाखवलेल्या मोऱ्यांची मापं काय आहेत? पूलवाल्यांचं गणित लावून बघा. आणि काम झाल्यावर नोंदी कोण ठेवणार, किती वर्षं?

तुमची माणसं गुरं घेऊन त्या रानात जातात, मोहाच्या दिवसांत पहाटे जातात. अस्वल कुठून उतरतं, बिबट्याचे ठसे कोणत्या नाल्यात दिसतात, हे त्यांच्याकडून लिहून घ्या. जागेच्या नोंदीला किलोमीटरच्या दगडाचा आकडा, तारीख आणि शक्य असेल तर फोटो जोडा. ग्रामसभेच्या ठरावाला ती यादी लावा. आमच्या इथे पुलांच्या जागांवरून वाद चालले तेव्हा कुठल्या नाल्यातून काय उतरतं हे गावच्या माणसांना आधीपासून ठाऊक होतं.

वैनगंगा

ग्रामसभा पुढच्या आठवड्यात आहे. यादी करतो. दोन नाले तर आत्ताच सांगता येतील. किलोमीटरचे आकडे बघून इथेच टाकतो. पूलवाले, तिथल्या मोऱ्यांची मापं घेऊन आलो तर मोकळेपणाचं गणित करून द्याल का?

पूलवाला

नक्की. रुंदी, उंची आणि आतून पार होण्याचं अंतर, तिन्ही टेपने मोजा. पावसाळ्यात पाणी कुठपर्यंत चढतं त्याची खूण भिंतीवर दिसेल, तिची उंचीही घ्या.